केअर होममधली अर्धवेळ नोकरी (मास्टर्स करता करता)

प्रीतिसंगम

मागे परदेशी शिक्षणाच्या धाग्यावर ओघात लिहून गेलो की मी इथे एका केअर होममध्ये काम करतो, तेव्हापासून व्यनि (खाजगी निरोप) येतायत. निम्म्यांना 'किती सुटतात' ते हवंय. उरलेल्यांना 'म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं सगळं करायचं?' हो, सगळं. एकदाच सविस्तर लिहितो.

मी मूळ कराडचा. बी.फार्म. करून इंग्लंडात मिडलँड्समधल्या एका शहरात पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्सला आलो. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार धरतात. या आठवड्यात १० केले म्हणून पुढच्यात ३० असं चालत नाही. दुसरी गोम म्हणजे मास्टर्सवाल्यांचा उन्हाळा बहुतेक ठिकाणी प्रबंधाचा काळ असतो आणि तो सत्रातच धरतात. 'समरमध्ये फुल टाइम करून फी फेडू' असा हिशोब मांडून येणारे इथे तोंडावर आपटतात. सायकलवरून जेवणाचे डबे पोचवायचं काम तर करूच नका, ते स्वयंरोजगारात मोडतं आणि आपल्या व्हिसावर त्याला मनाई आहे. केअररचा पगार किमान वेतनाच्या आसपास. ते एप्रिल २०२५ मध्ये ताशी १२.२१ पौंड झालं, दर एप्रिलला बदलतं. पैशाचं पुराण इथे संपलं.

माझं होम 'रेसिडेन्शियल' आहे, नर्सिंग होम नाही. म्हणजे इथे चोवीस तास नर्स नसते. इन्सुलिन द्यायला, जखमेची पट्टी बदलायला डिस्ट्रिक्ट नर्स बाहेरून येते. बाकी अंघोळ, कपडे, संडास, जेवण, चालवणं, रात्री कूस बदलणं हे आम्ही केअरर लोक करतो. आपल्याकडे हॉस्पिटलात मामा-मावशी करतात तेच. फरक एवढाच की आधी पोलिसांकडची चारित्र्यपडताळणी (भारतातलीही मागितली), मग प्रशिक्षण, आणि प्रत्येक गोष्टीची नोंद. किती प्यायले, किती वाजता कूस बदलली, शौचाला कशी झाली, सगळं. बी.फार्म. असूनही गोळीला हात लावायचा नाही, कारण त्याचं वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी सही लागते. सुरुवातीला राग यायचा, आता पटतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सकाळच्या पाळीत माझ्या वाट्याला एक आजोबा येतात. पक्षाघातामुळे उजवा हात जवळजवळ निकामी. त्यांच्या केअर प्लॅनमध्ये (कुणाचं काय, कसं करायचं त्याच्या कागदात) लिहिलंय : शर्ट स्वतः घालतात, आधी उजवी बाही, मग डावी, गळ्याजवळचं बटण सोडून बाकीची स्वतः लावतात, वेळ द्या. हे 'वेळ द्या' प्रत्यक्षात काय असतं? एक बटण. डाव्या हाताचा अंगठा काजाच्या मागे जातो, बटणाची कड काजात शिरते, निसटते. परत. मी समोर नुसता उभा. कॉरिडॉरमध्ये दोन घंट्या वाजतायत, खाली नाश्त्याची पॉरिज गार होतेय, माझे हात शिवशिवतायत. मी लावली तर अर्ध्या मिनिटाचं काम. आमच्या सिनिअर बाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "तू लावायला लागलास की थोड्या दिवसांनी त्यांना लावता येणारच नाहीत. मग ते तुझं कायमचं काम."

माझ्या आजीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा घरात माणसांची कमी नव्हती. पाणी हातात, घास तोंडात, उठायचं म्हटलं की दोन्ही बाजूंनी दोघं. ऑपरेशन उत्तम झालं होतं, तरी ती परत चालली नाही. त्यात बाकी कारणंही असतील, सगळं सेवेवर ढकलत नाही. पण इथे ज्या गोष्टी शिकवल्या त्यातली एकही आम्हाला तेव्हा कुणी सांगितली नव्हती. उदाहरणार्थ :

काखेत हात घालून माणसाला उचलायचं नाही. इथे त्याला सक्त मनाई आहे. म्हाताऱ्या माणसाचा खांदा निखळू शकतो, आपली पाठ जाते. खुर्चीतून उठवायचं तर आधी त्यांना कडेला सरकू द्या, पावलं मागे, हात खुर्चीच्या हातांवर (आपल्या गळ्यात नाही), अंग पुढे झुकवून नाक पायाच्या बोटांच्या रेषेत आणा आणि मग उठू द्या. आपण बाजूला. निम्मी माणसं एवढ्यावर स्वतः उठतात. ज्यांना जमतच नाही त्यांच्यासाठी हॉइस्ट (माणसाला झोळीतून उचलायचं यंत्र), आणि तो एकट्याने चालवायचा नाही, दोघं लागतात.

ठसका लागणाऱ्यांच्या पाण्यात पावडर घालून ते दाट करतात. किती दाट, याच्या ठरलेल्या पातळ्या आहेत : ० ते ४ प्यायच्या पदार्थांना, ३ ते ७ खायच्या. स्पीच थेरपिस्ट (बोलण्या-गिळण्याच्या त्रासाची तज्ज्ञ) तपासून ठरवते, आपण अंदाजाने करायचं नाही.

कपाटातून दोन शर्ट काढून समोर धरायचे आणि 'कुठला?' विचारायचं. डिमेन्शिया असलेली बाईसुद्धा बोट दाखवते. सगळं कपाट उघडून विचारलं तर गोंधळते.

आणि इथला एक कायदा आहे, २००५ चा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट. त्याचं एक तत्त्व असं की एखाद्याचा निर्णय तुम्हाला मूर्खपणाचा वाटला म्हणून त्याला निर्णयक्षमता नाही असं धरायचं नाही. मधुमेह असलेल्या एक आजी रोज दुपारी कस्टर्ड मागतात. परिणाम समजावून सांगितलेत, त्यांना नीट कळतात, तरी हवंय. मग द्यायचं, नोंद करायची. कराडात हे चाललं असतं का? आईने बरणी लपवली असती आणि सगळ्यांनी तिला शाबासकी दिली असती.

वाईटही आहे. माणसं कायम कमी. विद्यार्थी म्हणजे रविवार आणि रात्रपाळी हे गृहीत. पाठ बोलते. एका आजींनी माझ्या रंगावरून नको ते बोलून मला खोलीबाहेर काढलं; त्या दिवशी दुसरीने काम केलं, मॅनेजरने नोंद घेतली, पुढच्या आठवड्यात त्याच आजी मला आपल्या नातवाचे फोटो दाखवत होत्या. याचा अर्थ काय लावायचा ते मी ठरवलेलं नाही. बायकांपैकी काहींच्या प्लॅनमध्ये 'फक्त स्त्री केअरर' लिहिलेलं असतं, ते मला योग्यच वाटतं.

घरी किंवा वृद्धाश्रमात सांभाळणाऱ्यांनी लिहा. तुम्ही त्यांना करू देता की करून टाकता?

सदूभाऊ

छान लिहिलंय. पण शेवटी काय, तिकडे आईबापांना टाकूनच देतात ना? पगारी माणसाने कितीही बटणांची वाट बघितली तरी पोटच्या पोराची सर नाही. आपल्या संस्कृतीत अजून तरी ही वेळ आलेली नाही.

तिखटमीठ

सदूभाऊ, कोथरूड-कर्वेनगरात एक चक्कर मारा आणि आया ब्युरोच्या पाट्या मोजा. आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मिळावा म्हणून २००७ साली आपल्या संसदेला कायदा करावा लागला. त्यात जिल्ह्याजिल्ह्यात निराधारांसाठी वृद्धाश्रम काढायची तरतूद आहे. तो कायदा काय इंग्लंडसाठी होता?

प्रीतिसंगम

सदूभाऊ, 'टाकून देतात' असं सरसकट नाही हो. एक मुलगा रोज संध्याकाळी कामावरून थेट येतो, आईबरोबर टीव्हीवरची प्रश्नमंजुषा बघतो, मग घरी. न येणारेही आहेत. शिवाय हे फुकट नाही. इंग्लंडात स्वतःजवळ २३,२५० पौंडांच्या वर मालमत्ता असेल तर पूर्ण खर्च स्वतः करायचा, आणि माणूस कायमचा होममध्ये आला आणि घरात नवराबायकोपैकी कुणी राहत नसेल तर सहसा घराची किंमतही त्यात धरतात. ही मर्यादा २०१० पासून तेवढीच आहे. कित्येकांची घरं या खर्चात विकली जातात. तेव्हा तिकडे आनंदीआनंद आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही.

सुनंदा_ना

मला राग आला वाचून. तुझा नाही, पण आला. सासूबाई ८४ वर्षांच्या, पार्किन्सन्स. सकाळी सातला डबे, मुलीची रिक्षा, नवऱ्याची फिरती, माझं नऊचं ऑफिस. त्यांना एका बटणाला जितका वेळ लागतो तितक्यात माझ्या दोन पोळ्या होतात. मी लावते बटणं. घासही भरवते, कारण त्यांनी खाल्लं तर निम्मं अंगावर आणि तेही मलाच धुवायचं. 'वेळ द्या' लिहिणाऱ्या माणसाला पगार मिळतो, पाळी संपली की तो घरी जातो. माझी पाळी संपत नाही. आणि हो, धाग्यात 'आईने बरणी लपवली असती' आहे, 'बाबांनी' नाही. घरोघरी सांभाळतं कोण ते तूच लिहून गेलास.

प्रीतिसंगम

ताई, यावर मला उत्तर नाही. आमच्याकडे आठ माणसांमागे एक असा दिवस आला की आम्हीसुद्धा बटणं लावून टाकतो. प्लॅनमध्ये काहीही लिहिलेलं असो.

गुडघेदुखी

मी फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूर. दोघांचंही खरं आहे. सुनंदाताई, सगळं करू द्यायच्या फंदात पडू नका, एकच गोष्ट निवडा. चहाचा कप त्यांच्या हातात. दोन कानांचा किंवा झाकणाचा कप घ्या, अर्धाच भरा, कोमट द्या. बटणांच्या जागी आतून वेलक्रो शिवून घ्या, वरून बटणं तशीच दिसतात. पार्किन्सन्समध्ये गोळी लागू झाली की एक-दोन तास हालचाल सुधारते. अंघोळ-जेवण त्या वेळेत बसवता आलं तर बघा, तुमचाही त्रास वाचेल. आणि पार्किन्सन्सच्या गोळीची वेळ टळू देऊ नका.

प्रीतिसंगम, आजीबद्दल : म्हातारपणी अंथरुणात आठवडा-दहा दिवस काढले तरी मांडीचे स्नायू झपाट्याने झडतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर शक्य तर दुसऱ्याच दिवशी उभं करतात ते यासाठीच. आमच्याकडे नातेवाईक भांडायला येतात, 'कालच टाके घातलेत आणि आज चालवताय?'

सुनंदा_ना

कपाचं करून बघते. बटणांचं नाही. वेलक्रोचं टेलरला विचारते.

मोगरा

निवृत्त स्टाफ नर्स, मिरज. एक मुद्दा राहिला, बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा. लोक एअर बेड आणतात आणि निश्चिंत होतात. एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर रोज बघायचे. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडायचा. पांढरा पडून परत लाल झाला तर अजून वेळ आहे, दाबूनही लालच राहिला तर जखम सुरू झालीय. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे हात लावून बघायचं : आजूबाजूपेक्षा गरम लागतं का, कडक लागतं का, दुखतं का. आणि तिथे चोळायचं नाही! तेल लावून खसाखसा मालिश करतात, त्याने उलट कातडी फाटते.

दुसरं, आयाबाईंना नावं ठेवू नका. बारा तासांची ड्युटी, हातात काही लिहिलेलं नाही, ब्युरो आपलं कमिशन कापून मोकळा. पेशंट बदलला की ती परत शून्यापासून. मी ओळखीच्या घरांमध्ये स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवायला सांगते : स्वतः काय करतात, कशाला मदत लागते, काय आवडतं, कशाला चिडतात. नवी बाई आली की आधी तो वाचायचा.

प्रीतिसंगम

मोगराताई, इथेही तसाच एक कागद असतो, अल्झायमर्स सोसायटीचा. डिमेन्शियाच्या माणसाबद्दल घरच्यांनी भरून द्यायचा. आमच्या एका आजींच्या कागदावर त्या पूर्वी शिलाई करायच्या एवढं होतं. संध्याकाळ झाली की त्या 'घरी जायचंय' म्हणून दाराशी यायच्या. 'हेच तुमचं घर' म्हटलं की भडकायच्या. आता 'घरी काय काम राहिलंय?' विचारतो आणि टॉवेलच्या घड्यांची टोपली समोर ठेवतो. कधी चालतं, कधी नाही.

बाबा_बर्वे

आमच्या हिला गोळ्या गिळवत नाहीत. केळ्यात कुस्करून देतो. चालतं ना? तू फार्मसीवाला म्हणून विचारतो.

प्रीतिसंगम

काका, थांबा. नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर, एक्सएल असं काही असेल तर ती गोळी दिवसभरात हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते. कुस्करली की सगळा डोस एकदम पोटात. पोटात न विरघळता आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळ्याही कुस्करायच्या नसतात. सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला 'कुठली कुस्करता येईल, कुणाचं पातळ औषध मिळतं' हे विचारून या. त्याआधी कुस्करू नका, आणि मनाने बंदही करू नका. गिळायला हल्लीच त्रास सुरू झाला असेल तर तेही सांगा. आणि काकूंना माहीत आहे ना केळ्यात गोळी आहे ते? इथे न सांगता औषध द्यायचं तर डॉक्टर, फार्मासिस्ट, घरचे यांनी मिळून ठरवून लेखी ठेवावं लागतं.

बाबा_बर्वे

तिला माहीत आहे, तीच केळं मागते. पाकिटं उद्याच दाखवतो.

स्वप्निल_लातूर

दादा मी बी.ए. केलंय. एजंट म्हणतो केअर व्हिसा करून देतो, १२ लाख, अर्धे आत्ता. घेऊ का?

प्रीतिसंगम

नको. एक रुपया देऊ नकोस. परदेशातून थेट केअर वर्कर म्हणून येण्याचा रस्ता २२ जुलै २०२५ पासून बंद झालाय. ज्या वेळी चालू होता तेव्हाही स्पॉन्सरशिप (व्हिसासाठी कंपनी देते तो नोकरीचा दाखला) 'विकणं' बेकायदाच होतं. माझ्याबरोबर काम करणारा एक जण असेच पैसे भरून आला, कंपनीचा परवाना रद्द झाला, आणि त्याला नवा स्पॉन्सर शोधायला मोजके दिवस मिळाले. एजंटचा निरोप, पावती, जे असेल ते जपून ठेव.

राइनकाठ

स्वप्निल, जर्मनीचा विचार कर, पण डोळे उघडे ठेवून. इथे नर्सिंगचं आउसबिल्डुंग (काम करता करता शिकायचा अभ्यासक्रम) तीन वर्षांचं असतं, शिकताना पगार मिळतो, २०२० पासून हॉस्पिटल आणि वृद्धांची देखभाल असं एकत्र शिकवतात. पण भाषा आधी पक्की हवी. म्हाताऱ्या जर्मन माणसांची बोली वर्गातल्या जर्मनपेक्षा वेगळी असते, पहिले काही महिने मी नुसती मान हलवायचे. आणि कामाला किळस वाटत असेल तर पैशासाठी येऊ नकोस.

तिखटमीठ

किळसेवरून विचारते. प्रीतिसंगम, घरी सांगितलंयस का नक्की काय करतोस ते?

प्रीतिसंगम

आईला सगळं माहीत आहे. बाबा नातेवाइकांना 'हॉस्पिटलमध्ये आहे' सांगतात.

धोंडू_जोशी_नव्हे

सांगणारच. आपल्याकडे मलमूत्र उचलणारे हात कुणाचे ते पिढ्यान् पिढ्या ठरलेलं होतं, अजूनही बऱ्याच वॉर्डांत आडनावं बघा. तेच काम पौंडात केलं की 'एक्स्पीरियन्स' होतं आणि सीव्हीवर चढतं. मिरजेतल्या वॉर्डबॉयला असा धागा कुणी काढायला सांगितला नाही.

मोगरा

बरोबर बोललात. माझ्या वॉर्डातले दोन मामा पेशंटला एका चादरीवर असे सरकवायचे की टाक्याला धक्का लागायचा नाही. कुठलं सर्टिफिकेट नव्हतं. नव्या डॉक्टरांना मी त्यांच्याकडे बघायला पाठवायचे.

प्रीतिसंगम

मान्य. सीव्हीवर चढवलंय, तेही खरं.

सदूभाऊ

वाद बाजूला ठेवून एक विचारतो. आईला डायलिसिसला आठवड्यातून तीनदा गाडीने न्यावं लागतं. गाडीत बसवताना मी काखेतूनच उचलतो. मग कसं करायचं?

गुडघेदुखी

पुढची सीट पूर्ण मागे सरकवा. गाडी फुटपाथला चिकटून उभी करू नका, उंची बदलते. आईंची पाठ सीटकडे, सीटची कड पोटऱ्यांना लागेपर्यंत मागे येऊ द्या. एक हात त्यांचा डॅशबोर्डवर, दारावर नको, दार हलतं. डोकं सांभाळून आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हाताला धरून ओढायचं नाही, त्या दंडाला बीपीचा पट्टाही लावायचा नाही. सीटवर प्लॅस्टिकची गुळगुळीत पिशवी टाकली तर वळणं सोपं जातं, पण बसून झालं की ती काढा, नाहीतर ब्रेक दाबला की माणूस पुढे घसरतं. सर्जिकल सामानाच्या दुकानात कमरेला बांधायचा ट्रान्सफर बेल्ट मिळतो का विचारा. डायलिसिसनंतर बीपी उतरलेलं असतं, तेव्हा परत येताना खुर्चीतून लगेच उठवू नका. पाच मिनिटं बसू द्या, चक्कर नाही ना विचारा, मग गाडीकडे.